तेवीस किलोंचं बिऱ्हाड

पुण्यात कोणी परदेशी निघालं ही आता बातमी राहिलेली नाही. कुठल्याही सोसायटीत दोन जिने चढले तर वाटेत एक कॅनडा, एक जर्मनी आणि बाहेरून कुलूप घातलेलं एक ऑस्ट्रेलिया लागतं. पण निघणाऱ्यांत साडेचार वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा असला, की प्रकरण घरातलं राहत नाही. ते सार्वजनिक होतं. मोठी माणसं काय, हाल सोसतील, पाव खातील. पण ‘पोरांचं काय?’ हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडे दूधवाल्यापासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना आहे, आणि तो सगळे बजावतात.

आमच्याकडे नोकरी बायकोला लागली, नेदरलंड्समधल्या आइंडहोवनला. हे कळल्यावर काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आणि तू?” म्हटलं, “मी सुरुवातीला घरी, मुलांजवळ.” काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. हेही दिवस जातील.” त्यांच्या घरी इतकी वर्षं मुलांजवळ काकूच होत्या, त्यांच्या खांद्यावर असा हात कधी पडला होता की नाही, हे मी विचारलं नाही. काकूंनी मात्र आतून भांडं जरा जोरात आपटलं.

देशाची माहिती शेजारच्या आजोबांनी पुरवली. नेदरलंड्सचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, ॲमस्टरडॅमचा स्खिपोल विमानतळसुद्धा. थोरलीनं ही बातमी धावत घरात आणली. आई हातातली पळी तशीच धरून बाहेर आली. “म्हणजे विमान समुद्राखाली उतरणार? आणि तुम्ही ही दोन कच्चीबच्ची घेऊन?” डच लोकांनी शेकडो वर्षांपासून बांध घातलेत, पाणी उपसायची सोय आहे, आइंडहोवन तर समुद्रसपाटीच्या वरच आहे, तिकडच्या मुलांना लहानपणीच पोहायला शिकवतात, हे सगळं मी सांगून पाहिलं. यातलं शेवटचं तेवढं आईनं ऐकलं. “बघ, शिकवावं लागतंच ना?” आणि सामानाच्या यादीत हवा भरायच्या दोन रबरी ट्यूब चढल्या.

कागदांचा काळ

मूल जन्मलं हे सिद्ध करायला आपल्याकडे मूल पुरतं. तिकडे पुरत नाही. तिकडच्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं तर जन्माचा दाखला लागतो, आणि तोही नुसता नाही. महापालिकेनं दिलेल्या दाखल्यावर आधी मंत्रालयातून शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ‘अपॉस्टिल’. हा एक चिटोरा असतो. आधीचा शिक्का खरा आहे, एवढंच तो सांगतो. १९६१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची ही देणगी. भारत त्यात २००५ मध्ये सामील झाला. करार झाला कुठे, तर हेगमध्ये, म्हणजे आम्ही निघालो त्याच देशात. त्यामुळे तिथे जाऊन ‘साहेब, चालवून घ्या’ म्हणायची सोय नाही.

आमच्या लग्नाच्या दाखल्यालाही हेच सोपस्कार. आजी म्हणाली, “लग्नाला सातशे पान उठलं होतं. त्यातले चारजण साक्षीला नेले तर?”

लसींची वही हा वेगळाच ग्रंथ. बाळ जन्मल्यापासून आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक लस स्वतःच्या हातानं टोचली आणि स्वतःच्याच हातानं वहीत लिहिली. टोचलेली कळली, लिहिलेली कळली नाही. तिकडच्या बालआरोग्य केंद्रात दाखवायला हे स्वच्छ अक्षरात हवं होतं. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “ही तारीख असावी.” शेवटी सगळी वही कोपऱ्यावरच्या केमिस्टनं एका दमात वाचून दाखवली. पेन न थांबवता आम्ही लिहून घेतलं. त्या माणसाला विद्यापीठानं मोडी लिपीचं अध्यासन द्यायला हरकत नाही.

पण खरी परीक्षा फोटोची. चार वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टसाठी फोटो आपण न्यायचा असतो. साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, मागे पांढरं, चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि चौकटीत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. सव्वा वर्षाचं मूल एका जागी राहतं ते फक्त झोपेत, आणि झोपेत डोळे मिटलेले असतात. स्टुडिओवाल्यानं आधी खुळखुळा वाजवला. धाकट्यानं तो मागितला. मग स्टुडिओवाला मांजरासारखा ओरडला. धाकटा मांजर शोधायला स्टुलावरून उतरला. मग मोबाइलवर गाणं लावलं. ते ऐकून त्यानं जो आ वासला, तो मिटेना. गाणं बंद केलं, तर आ तसाच ठेवून त्यात आवाज भरला. शेवटी बायको पांढरी चादर डोक्यावरून घेऊन खुर्चीत बसली, त्याला मांडीवर घेतलं आणि चादरीखालून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्याच क्षणी बाहेरून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला, धाकट्यानं तोंड मिटून कान टवकारले आणि फोटो निघाला. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. म्हणजे शाळेत जाणारा, पुढचे दोन दात पडलेला मुलगा विमानतळावर उभा असेल आणि तिथला अधिकारी त्याला या कुल्फीवाल्याकडे कान लावलेल्या बाळावरून ओळखणार आहे.

सामानाचा काळ

विमान कंपनी माणशी तेवीस किलो म्हणते. घरच्यांना तो आकडा किमान मर्यादा वाटतो.

आई पुण्याची, सासूबाई कोल्हापूरच्या. मुलांच्या पोटात पुढली दोन वर्षं कोण जाणार, गोडा मसाला की कांदा-लसूण चटणी, हा प्रश्न दोघींनी अत्यंत सभ्यपणे लढवला. “विहीणबाई, मुलांना तिखट सोसायचं नाही हो,” असं आईनं फोनवर म्हणायचं, आणि “थंडीचा मुलूख आहे, गुळचट खाऊन ऊब कशी यायची?” असं सासूबाईंनी विचारायचं. त्यातून आमच्या घरी भाजणी आली, थालीपिठाची वेगळी आणि चकलीची वेगळी. सांडगे आले, कुरडया आल्या. मेतकूट दोन्हीकडून आलं. मी हुकाचा काटा आणून प्रत्येक बॅग उचलून मोजत होतो. रात्री २२.८ वर बंद केलेली बॅग सकाळी २४.१ भरायची. कुलूप नसलेल्या बॅगेला हे गुपचूप बाळसं कुठून येतं, हे कळायला वेळ लागला नाही. आईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, “मेतकुटाला काय वजन असतं?”

मग नियम बाहेर काढले. युरोपात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दूधदुभत्याचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा बंद डबा चालतो, त्यालाही माणशी दोन किलोंची मर्यादा. म्हणजे साजूक तूप बाद, पेढे बाद, खव्याची पोळी बाद. ताजी फळंही रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. हापूस या यादीत नाही, हे ऐकून घरात काही वेळ कोणी बोललं नाही. २०१४ च्या मे महिन्यापासून तर युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयातच फळमाशीमुळे थांबवली होती, पुढच्या वर्षी ती बंदी उठली. पण तो पेट्यांचा व्यापार. पिशवीतल्या डझनाला अजून दाखला लागतो. मामा म्हणाला, “ज्या देशात हापूस चालत नाही आणि ड्युरियन चालतो, तिथे मुलांना वाढवणार तुम्ही?” ड्युरियन म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, पण मुद्दा भावनेचा होता.

नारळ चालतो म्हटल्यावर आईला हुरूप आला. पण नारळ काही तसाच कोणी नेत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेतात. आणि खोबरं वाळलं की ते युरोपच्या तावडीतून सुटून विमान कंपनीच्या तावडीत सापडतं. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला स्वतंत्र क्रमांक आहे: १३६३. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते चालत नाही. आईनं डबा उघडून एक वाटी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. “चाळीस वर्षं गॅसच्या शेजारी ठेवते आहे,” ती म्हणाली. “कधी काही बोललं नाही.”

भांड्यांची तऱ्हा निराळी. नेदरलंड्समध्ये जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देत नाहीत, आणि आम्हाला मिळालेलं घर नवं. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. त्यावर कुठलं भांडं चालेल हे ओळखायची युक्ती सोपी: बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आई फ्रीजवरचा अष्टविनायकाचा चुंबक काढून ओट्याशी उभी होती. ॲल्युमिनियमचा कुकर, घसरला. पितळी पातेलं, घसरला. हिंडालियमची कढई, तिच्या माहेरची, दोनदा लावून पाहिला; दोन्ही वेळा गणपती खाली. लोखंडी तव्याला मात्र असा घट्ट बसला की ओढून काढावा लागला. बिडाच्या आप्पेपात्राचीही निवड झाली. आई म्हणाली, “देवानंच कौल दिला. आप्पे करत जा मुलांना.” आप्पेपात्र पावणेतीन किलोंचं निघालं. देवाला तेवीस किलोंचं कोणी सांगितलं नव्हतं.

औषधांच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. तिकडचे डॉक्टर काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या म्हणतात, अशी ख्याती आहे, आणि अँटिबायोटिक देण्यात डच डॉक्टर युरोपातले सर्वांत हात राखणारे समजले जातात. ही खरं तर कौतुकाची गोष्ट. पण आपल्याकडे पिशवीभर औषधं न देणाऱ्या डॉक्टरला शिकाऊ समजतात. तेव्हा आत्यानं बाळगुटीचा संच दिला: जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, जेष्ठमध आणि दगडी सहाण. वेखंडाची पांढरट पूड वेगळी, बिनलेबलच्या प्लॅस्टिकच्या पुडीत, रबर लावून. विमानतळावर कस्टमच्या माणसाला ही पुडी काय म्हणून दाखवायची, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, “त्याला सांग, पोटावर लाव. गॅस धरत नाही.”

सल्ल्याचा काळ

सल्ला देणारे दोन प्रकारचे. एक तिकडे जाऊन आलेले, दुसरे न गेलेले. दुसऱ्यांची माहिती जास्त असते. ‘तिकडे’ हा त्यांच्या दृष्टीनं एकच देश आहे. त्याची राजधानी न्यू जर्सी. “मिक्सर नेऊ नका, जळतो,” असं ठामपणे सांगणाऱ्यांचा भाचा अमेरिकेत असतो. तिथे वीज १२० व्होल्टची, म्हणून आपली यंत्रं नीट चालत नाहीत. नेदरलंड्समध्ये आपल्यासारखीच २३० व्होल्ट, फक्त पिन बदलायची. “खसखस नेऊ नका, आत टाकतात,” म्हणणाऱ्यांचा जावई दुबईला असतो, आणि त्या देशापुरतं ते खरंही आहे. सगळ्यांचे सल्ले मानले असते तर आम्ही एका मफलरीनिशी निघालो असतो.

शाळेचं ऐकून मावशीची झोप उडाली. तिकडे मूल साधारण चौथ्या वाढदिवसाला शाळेत जायला लागतं, सक्ती पाचव्या वर्षापासून. म्हणजे वर्गात प्रत्येक मूल आपापल्या तारखेला येणार. “मग फॉर्मची रांग कधी लावायची?” मावशीनं विचारलं. नर्सरीच्या फॉर्मसाठी तिनं स्वतःच्या नातवाकरता पहाटे चार वाजता चप्पल ठेवून नंबर लावला होता. रांगच नाही म्हटल्यावर शाळेत काही दम नसणार, असं तिनं ठरवून टाकलं.

सगळ्यांत थंड डोक्यानं तयारी केली थोरलीनं. तिला एक पाठीवरची पिशवी दिली आणि सांगितलं, तुला हवं ते यात भर. तिनं सोसायटीतला एक गुळगुळीत दगड, पितळी भातुकलीतली पळी, पीएमपी बसचं फाटकं तिकीट, चाक नसलेला टेम्पो आणि आजीच्या चष्म्याचं रिकामं घर भरलं. वजन एक किलो शंभर ग्रॅम. नंतर तिनं काही काढलं नाही आणि काही घातलं नाही. प्रश्न मात्र विचारले. तिकडे कावळे असतात का? असतात. वॉचमनकाका? बहुतेक नसतात. घरात पाल असते का? नाही, थंडी असते ना. त्यावर तिनं विचार केला. “मग भिंतीवर काय असतं?” याचं उत्तर अपॉस्टिलवाल्यांकडेही नसावं.

धाकट्याची तयारी उलट्या दिशेनं चालू होती. आम्ही बॅगेत ठेवलेली वस्तू तो काढून नेत असे. मोजे फ्रीजमध्ये, माझा पासपोर्ट चपलांच्या कपाटात, सहाण कमोडजवळ. एकानं थोरलीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि दुसऱ्यानं त्याच्यामागे हिंडायचं. भरायला तिसरा माणूस हवा होता. घर माणसांनी भरलेलं होतं आणि तिसरा माणूस सापडत नव्हता, कारण जो तो काहीतरी द्यायला आला होता.

निघायच्या आधी केळवणं सुरू झाली. लग्नाआधीची ही पद्धत परदेशगमनाला कधी लागू झाली, माहीत नाही. पण दुपारी श्रीखंड आणि रात्री पुरणपोळी असा क्रम चालला आणि मुलांची पोटं बिघडली. त्यावर पुढच्या यजमानांनी दहीभात ठेवला, पण सोबत गुलाबजाम होतेच. प्रत्येक घरी बायकोची ओटी भरली जाई: तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस. काही दिवसांत घरात नारळांची रास आणि असे रंग जमले, जे कुठल्याही साडीवर जाणार नाहीत. बायकोनं ते शांतपणे पुढच्यांच्या ओटीत घातले. एक मोरपंखी पीस फिरत फिरत परत आमच्याकडे आलं. आमच्या आधीही ते बरंच फिरलेलं असावं.

याच दरम्यान निवृत्त शिक्षिका असलेल्या मोठ्या आत्यानं एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या लेकीला, मनोरमेला घेऊन बोटीनं इंग्लंडला गेल्या. नवरा आधीच वारलेला, हाताशी पैसा बेताचा, मागे टीका करणारे भरपूर. तिथून १८८६ मध्ये मुलीसह अमेरिकेला, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. “आणि तुम्ही,” आत्या बॅगांकडे बघत म्हणाली, “नऊ-दहा तासांच्या विमानाला आप्पेपात्र नेताय.” सगळे हसले. आई हसली नाही. तिनं आप्पेपात्र बॅगेतून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत आत ठेवलं.

तेव्हा लक्षात आलं, ही तयारी आमची चाललेलीच नाही. आम्ही जाणार, तिथे दुकानं असणार, आइंडहोवनला डाळ-तांदूळ मिळतात, ॲमस्टेलवेनमध्ये तर भारतीयांची मोठी वस्ती आहे. भाजणीवाचून मुलं उपाशी राहणार नाहीत, हे आईलाही ठाऊक होतं. पण नातवंडं विमानात बसली की तिला करण्यासारखं काही उरणार नव्हतं. जे करायचं ते आत्ताच, आणि तेवीस किलोंत. मग मी काटा लपवून ठेवला. मेतकुटाला खरोखरच वजन नसतं, असं धरून चाललो आणि माझे बूट काढून ठेवले.

तरी बॅगा बंद झाल्या त्या भलत्याच माणसामुळे. तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाई, ओळख फक्त जिन्यातल्या ‘काय, बरं का?’ एवढी, एका संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं. म्हणाल्या, “पोरं द्या माझ्याकडे. सारसबागेत नेते, साडेसातला आणून सोडते.” त्या दोन तासांत आम्ही सगळं भरलं, कागद लावले, बँकेचे फॉर्म भरले, आणि दहा मिनिटं दोघं काहीही न बोलता चहा प्यायलो. मुलं भेळ खाऊन, मळून, दमून परत आली आणि न जेवता झोपली.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी लहान मुलं घेऊन परदेशी निघालं असेल, तर एक विनंती. आई, सासू, आजी यांना काही सांगू नका; त्यांचा किलो त्यांना देऊ द्या. बाकीच्यांनी मात्र मसाला नेऊ नये, ब्लाउजपीस नेऊ नये, न्यू जर्सीची माहिती तर अजिबात नेऊ नये. रिकाम्या हातांनी जा, मुलांच्या चपला शोधा आणि त्यांना दोन तास बागेत घेऊन जा. येताना पोटभर खायला घालून आणा.